सात सेकंदांचा अवसर

डॉक्टरीणबाईंनी माझा फोन हातात घेतला, रील बघितलं, परत बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज बंद कर. ढोल नकोय मला."

मग तिसऱ्यांदा बघितलं, बिनआवाजाचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर ठेवून. "इथे चेहरा पांढरा पडला. इथे खाली गेले. एक, दोन, तीन..." सातपर्यंत मोजलं त्यांनी. "आणि आता बघ, एकदम लाल झाले. रक्त परत आलं. अंगात वगैरे काही आलेलं नाही गं. तुझ्या बाबांचं हृदय सात सेकंद थांबलंय."

हे तेच रील, ज्याच्यावर मी "आमच्या बाबांचा अवसर" असं लिहून तीन लाल हार्ट टाकले होते. बाप मरत होता आणि मी हार्ट टाकत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि यादीत पहिली मीच आहे.

तर आमचं गाव मालवणपासून जवळच. बाबा देवळात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गावातर्फे देवासमोर उभं राहून मोठ्यानं मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गेल्या वर्षीच्या जत्रेला गाऱ्हाणं घालता घालता बाबा थांबले, डोळे वर गेले, धाडकन पडले, हातपाय झटकले आणि थोड्या वेळात लालबुंद तोंडानं उठून बसले. म्हणाले, "मी खंय आसंय?"

बस. एवढंच. पण आमचे बाबलकाका, बाबांचे चुलतभाऊ, देवस्थान कमिटीवरचे मोठे मानकरी, त्यांनी लगेच जाहीर केलं, "अवसर इलो." म्हणजे देव अंगात आला. बायका पाया पडल्या, नारळ आले, आणि मी रील टाकलं.

त्यानंतर सात महिन्यांत बाबा चार वेळा पडले. एकदा परत देवळात, एकदा दात घासताना, एकदा आंब्याच्या कलमात पाणी घालताना. आईनं काकांना विचारलं, "कलमात पण देव येता?"

"देवाक जाग्याचा बंधन नसता, वयनी," काका म्हणाले.

हे काका म्हणजे काय चीज आहे ते सांगते. रॉकेट सुटल्याची बातमी आली की दुकानाच्या बाकड्यावर पेपर आपटून म्हणणार, "थंय जावन माती आणतले. हयसर माती कमी आसा?" आणि तोच माणूस दुसऱ्या हातातल्या फोनवर बघून मच्छीमारांना सांगणार, उद्या वारा आसा, होडये घालू नकात. तो वारा दिसतो कुठून, हे डोक्यात यायला डोकं लागतं. बाबा त्या बाकड्यावर बसून हसायचे. मीपण हसायचे, खोटं कशाला बोलू.

मधे एकदा आरोग्य केंद्रात ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची कागदावर काढलेली रेघ. ती काही सेकंदांची असते आणि त्या सेकंदांत बाबा ठणठणीत होते, म्हणून रेघ सरळसाधी आली. डॉक्टर म्हणाले होते की मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, पण काकांनी फक्त कागद ऐकला. "मशीनसुद्दा सांगता, काय एक नाय." एरवी मशीनवर विश्वास नाही, हवं ते बोललं की मशीन देव.

चौथ्यांदा बाबा पडले ते विहिरीच्या कठड्यावर. आईनं मागून सदरा धरला, तो फाटला, पण माणूस बाहेर राहिला. आई एकच वाक्य बोलली. "देव बावीत ढकलूचो नाय. गोव्याक चल."

तर गोवा, रील बघणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे. पहिल्या दिवशी नर्सनं बाबांच्या कानात थर्मामीटर घातला, एका सेकंदात ताप सांगितला, बाबा दचकले. "कानात काय बघतंस, बाय?" मग छातीला वायरी चिकटवल्या आणि कमरेला पट्ट्यानं छोटा डबा बांधला. याला होल्टर म्हणतात. ईसीजीच, पण चोवीस तास चालणारा. हृदय चोरासारखं वागत असेल तर त्याला पकडायला हाच लागतो. ज्यांच्या घरी कोणी असं पडतंय आणि साधा ईसीजी चांगला येतोय, त्यांनी होल्टरबद्दल विचारा. लाजू नका, विचारा.

वॉर्डातल्या टीव्हीवर नेमकं रॉकेट चाललं होतं. बाबा सवयीनं म्हणाले, "रिकामटेकडे."

डॉक्टरीणबाई वायरी तपासत होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "काका, सकाळी तुमच्या कानात घातला ना, तो थर्मामीटर त्या रिकामटेकड्यांकडून आलाय. लांबच्या ताऱ्याची उष्णता मोजायचं तंत्र आहे ते. हात न लावता मोजायची."

मी लगेच शहाणपणा केला. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला होता तो वाचून दाखवला, की हा पट्ट्याचा वेल्क्रो आणि घरचा नॉनस्टिक तवा, सगळं अंतराळवाल्यांनीच शोधलं.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "वेल्क्रो आणि तव्याचा लेप त्यांच्या आधीचे. त्यांनी वापरले म्हणून गाजले. पण तुझ्या हातातला कॅमेरा घे. यानात बसतील असे चिमुकले कॅमेरे हवे होते, म्हणून तसली चिप बनवायला घेतली. तीच पुढे फोनात आली. तुझं रील त्या चिपनं काढलंय."

म्हणजे ताऱ्याकडे बघायला निघालेली विद्या माझ्या हातात आली आणि मी तिच्यावर ढोल लावला.

दुसऱ्या दिवशी होल्टरचा रिपोर्ट आला. झोपेतसुद्धा हृदय थांबत होतं, आम्हाला पत्ताच नव्हता. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, तोही येऊनजाऊन असणारा. अर्थ असा, की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून ठोका द्यायचा निरोप निघतो, पण मधली तार तुटते आणि खालच्या कप्प्याला तो पोचत नाही. तार परत जुळली तर माणूस उठतो. एखाद्या वेळी जुळली नाही तर उठत नाही. उपाय एकच, पेसमेकर. काडेपेटीएवढं यंत्र, कातडीखाली बसतं, ठोका चुकला की स्वतः देतं.

बाबा म्हणाले, "नको. माका काय झाला नाय."

आई रडली, मी भांडले, काही उपयोग नाही. मला कळत होतं त्यांचं कुठे अडलंय. सात महिने लोक त्यांच्या पाया पडत होते. यंत्र बसवायचं म्हणजे कबूल करायचं की देव आलाच नव्हता, तार तुटत होती. गावात परत कुठल्या तोंडानं उभं राहायचं? त्यापेक्षा मरण बरं वाटतं माणसाला, खरंच वाटतं. मला राग बाबांचा नाही आला. ज्यांनी त्यांना पाटावर बसवून ठेवलं त्यांचा आला.

आणि ते आलेच. तिसऱ्या दिवशी बाबलकाका, दोन मानकरी, खांद्यावर उपरणं, हॉस्पिटलात लग्नाला आल्यासारखे. देवाला कौल लावून आले होते. कौल म्हणजे देवाच्या अंगावर कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"वासू, देवान डावो कौल दिल्यान," काका म्हणाले. "यंत्र नको. घराक चल."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा उठून बसले. वायरींसकट.

"बाबलो, काय इचारलंस?"

"इचारूचा काय म्हणजे? तांच."

"तां नको. शब्द सांग."

काका जरा चाचरले. "म्हाराजा, तुझ्या अवसराक लोखंड लावूचा काय, असा इचारलंय."

"अवसराक? माझा नाव घेतलंस?"

"नाव कित्याक? देवाक ठावक नाय?"

"तीस वर्षां मी गाऱ्हाणा घालतंय रे. कोणाच्या म्हशीचा गाऱ्हाणा आसला तरी म्हशीच्या धन्याचा नाव घेतंय. वासू जगतलो काय मरतलो, ह्यां इचारूक तुझी जीभ लुळी पडली होती?"

एक मानकरी पाणी प्यायला म्हणून जो गेला तो परत आलाच नाही.

"तुका भावापेक्षा अवसर होयो होतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चेडवा, सही खंय करूची?"

आम्ही दोन दिवस रडून जे झालं नाही ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे झालं. कारण बाबांना हृदयातलं काही कळत नाही, पण मागणं कसं मागायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

ऑपरेशन तासदीड तासाचं. पूर्ण भूल नसते, डाव्या खांद्याखाली बधिर करतात, शिरेतून वायर हृदयात सोडतात. बाहेरच्या बाकावर आई आणि मी. काका समोरच्या बाकावर. सगळा वेळ फोनवर परतीचा रस्ता शोधत होते, नकाशा मोठा करून. मी म्हटलं, "काका, तो निळा ठिपका आकाशातनं येता." म्हणाले, "गप बस गो." काही माणसं सुधारत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

नंतर महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, बाकी विशेष काही नाही. भीती यंत्राची नसते, भीती आधीची असते.

महिन्यानं तपासणी. डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या छातीवर एक चकतीसारखं काहीतरी ठेवलं आणि समोरच्या पडद्यावर आकडे धावायला लागले. म्हणाल्या, "याला इंटरॉगेशन म्हणतात. यंत्राला विचारायचं, काय काय झालं महिन्यात."

"म्हणजे कौल," बाबा म्हणाले.

त्या हसल्या. "कौलच. फक्त हा सविस्तर बोलतो." मग म्हणाल्या, "आधीचे पेसमेकर मुके होते. एकदा आत गेला की काही बदलायचं तर कापा. उपग्रहाचं बघा, वर मिस्त्री पाठवता येत नाही. म्हणून खालूनच विचारायचं, खालूनच दुरुस्त करायचं. ती विद्या तिकडून इथे आली." आणि बसल्या जागी त्यांनी बाबांच्या ठोक्यांचा वेग थोडा बदलला. कातडीला हात न लावता.

परत येताना कसालला चहाला थांबलो. बाबा बशीत चहा ओतून बसले, प्यायलेच नाहीत. म्हणाले, "आणि मी हसत होतंय त्येंका."

या वर्षीची जत्रा झाली. गर्दी नेहमीपेक्षा जास्त, कारण सगळ्यांना अवसर बघायचा होता. पोरांनी फोन आधीच वर धरलेले. बाबा जिवंत आहेत याचं काही नाही, पण पडले नाहीत तर आलो कशाला, अशी ती सगळी तोंडं. मी फोन पिशवीत टाकला आणि आईचा हात धरला.

बाबांनी पूर्ण गाऱ्हाणं घातलं. शेतीभाती, होडी, मुंबयकार, सासुरवाशिणी, सगळ्यांचं. शेवटी थांबले. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन.

"आणि म्हाराजा," बाबा म्हणाले, "ज्येंनी आकाशात यंत्रां सोडल्यानी, त्येंच्या पोराबाळांका सुखी ठेव. नाव घेतल्याबगर मागू नये म्हणतत. पण त्येंची नावां माका ठावक नाय. ती तूच शोध."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. कोणाला एक अक्षर कळलं नव्हतं. सवयीनं सगळ्यात मोठ्यानं बाबलकाका ओरडले. पोरांनी कंटाळून फोन खाली केले.

बाबा उभेच होते. मी सातच्या पुढे गेले, वीसच्या पुढे गेले, मग मोजायचं राहून गेलं.