मेंदूला सूज निघाली तेव्हा

मेंदूला सूज आहे हे ऐकून आनंदाने उडी मारणारा माणूस विरळाच. मी मारली आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा दुष्काळ. मिरजगावला मी नवाच गुरांचा डॉक्टर होतो. एका धनगर मावशींच्या कळपात मेंढ्या मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागल्या. काही बाभळीला अंग घासत. त्यातून कळपात सरकारी पैदाशीचा विलायती नर! माझं डोकंच भणाणलं. कॉलेजात एक परदेशी रोग शिकवला होता. मेंढी अंग घासते, झोकांड्या खाते, मेंदूची चाळण होते, पण सूज मात्र दिसत नाही. औषध नाही. अख्खा कळप मारून पुरायचा.

मावशींना सांगणं भाग होतं. त्या म्हणाल्या, "समदी मारनार? मग मला बी त्यांच्यासंगं पुरा."

मेलेल्या मेंढीचा मेंदू बरणीत घालून मी एसटीने पुण्याच्या प्रयोगशाळेत नेला. निकाल येईपर्यंत घास गोड लागेना. शेवटी तिथले साहेब सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणाले, "सूज भरपूर आहे. जंतूंची आहे. पेनिसिलिन टोच. आणि खाल्लं काय ते बघ."

बसमधून उतरलो तो थेट मावशींकडे. "मावशी, मेंदूला सूज आहे!"

"सूज आली अन् हसताय व्हय?"

मग उलगडा झाला. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी देईल ते घ्यायचं, ही रीत. एकाने मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा, दिला होता; तो काळा पडून सडला होता आणि जंतू त्यातलेच. मावशींना वास आला होता, पण "दिलेलं न्हाई कसं म्हनायचं?" म्हणून त्यांनी तो मेंढ्यांपुढे टाकला. अंग घासणं साध्या खरजेचं निघालं.

पुढे म्हातारपणी वाचलं, की त्या परदेशी रोगातही मेंदूतल्या राखणदार पेशी चवताळतात, एक प्रकारची सूज धरतात आणि नासाडीला हातभारच लावतात. म्हणजे आमचं कॉलेजचं ज्ञान अर्धवटच. तेव्हा ते कळलं नाही हे बरंच झालं, नाहीतर मला ती उडी मारता आली नसती.

आडव्या झालेल्या मेंढ्या गेल्या, पण नुकत्या आजारी पडलेल्या बऱ्याचशा सुईने सावरल्या. माझा जीव भांड्यात पडला. मावशींनी भंडारा काढला, आधी विलायती नराच्या कपाळाला लावला, मग माझ्या.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "आता मला पुरू नगा."