चर्चच्या भिंतीतलं भोक

धम्मशीला गजभिये ग्लासगोच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची नऊ वर्षं वॉर्ड सिस्टर. नियमाच्या इतक्या पक्क्या, की ज्युनिअर डॉक्टरसुद्धा हात न धुता त्यांच्यासमोर यायला कचरायचे. लग्न होऊन नागपूरहून इथे आल्या. मुलगी रचना इथेच जन्मली, शिकली, आर्किटेक्ट झाली. नवरा प्रमोद २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेला. त्यांच्याच वॉर्डात.

त्या रिटायर झाल्या आणि गेल्या मे महिन्यात रचनानं त्यांना ग्रीसच्या एका बेटावर नेलं. तिसऱ्या दिवशी दोघी डोंगरमाथ्यावरचं ओसाड गाव बघायला चढल्या. सात-आठशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या भीतीनं लोकांनी ते किल्ल्याच्या आडोशाला वसवलेलं. आता तटबंदीच्या आत नुसत्या भिंती, आणि चुलींच्या जागी अंजिराची झाडं.

वाटेवर कॉफी विकणारी एक म्हातारी किल्ली घेऊन सोबत आली. तिनं एक लहानसं चर्च उघडून दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. दोनशे वर्षांपूर्वी गावात कॉलरा आला. आजारी माणसांना इथे आणलं आणि बाहेरून दार चिणून टाकलं.

धम्मशीलाताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "जिवंत माणसांना?"

म्हातारीनं मान हलवली. "गाव वाचवायला." मग तिनं भिंतीतलं वीतभर भोक दाखवलं. त्यातून पाव आणि पाणी द्यायचे. संध्याकाळी घरचे यायचे, हात आत घालायचे. आतून कुणी धरला, तर अजून जिवंत आहे असं समजायचं.

धम्मशीलाताई दगडावर बसल्या. रचनानं कोपरापर्यंत हात त्या भोकात घातला आणि वळून न बघता म्हणाली, "यांना निदान एक होल तरी होतं, आई."

पाच वर्षांत हा विषय दोघींमध्ये एकदाही निघाला नव्हता.

"मी कार पार्कमध्ये चार तास होते," रचना म्हणाली. "तू सिस्टर होतीस. मला एक मिनिट आत नाही घेतलंस."

याला काय उत्तर द्यायचं, ते धम्मशीलाताईंनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. अकरा पेशंटच्या घरची माणसं बाहेर थांबलेली, त्यांना नाही म्हणून तुला कसं सोडणार होते? पण त्या भिंतीसमोर ते वाक्य तोंडातून फुटेना. भलतंच बाहेर आलं.

"तू कुठे आहेस, असं बाबांनी विचारलं होतं. मी सांगितलं, ती दाराशीच आहे, येतेय आत. खोटं बोलले."

रचनानं हात काढला. "बाबा वाट बघत होता?"

"चाळीस मिनिटं. दाराकडे बघत होते."

म्हातारीला भाषेतलं काही कळलं नाही, पण ती किल्ली मुठीत घेऊन बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी रचना एकटीच पोहायला गेली. शेवटच्या सकाळी बॅगा भरताना तिनं विचारलं, "आणखी काय म्हणाला बाबा?" धम्मशीलाताईंनी सगळं सांगितलं. मास्कमुळे अर्धे शब्द ऐकूच आले नव्हते, हेही. आपण ग्लोव्ह काढून प्रमोदचा हात धरला, नऊ वर्षांत नियम मोडला तो तेवढाच, हेही सांगितलं.

"मी अजून अँग्री आहे," रचना म्हणाली.

"हो गं. राहा."

आता रचना दर रविवारी येते. कधी बाबांचं काही विचारते, कधी भांडते. गेल्या महिन्यात दार आपटून निघून गेली, पण गाडीची किल्ली टेबलावरच राहिली होती, म्हणून परत आली. धम्मशीलाताईंनी ताट वाढलं होतं. ती जेवूनच गेली.