आबांची गाडी आणि जामचा खड्डा

मुलांनो, आज फाटकाला रेड ऑक्साइडचा हात दिला. त्या तांबड्या रंगाचा उग्र वास आला आणि तुमच्या आईच्या लग्नाआधीची, याच अंगणातली एक दुपार आठवली.

आबांच्या जुन्या गाडीची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं पेलणारी लोखंडी चौकट, विटांवर काढून ठेवली होती. माझ्या झाडलेल्या अंगणभर गंजाचा भुगा. आबांनी तिच्यावर हातोडी मारली. "ऐक. इथं टण्ण वाजते, अन् इथं थप्प. आतून सडली आहे. कापून नवा पत्रा जोडा लागन. पंधरा दिवस जातीन."

"रविवारी आपल्या मुलीला बघायला पाहुणे येताहेत," मी म्हणाले. "रंग मारा आणि गाडी उभी करा. खाली वाकून कोण बघणार आहे?"

"गाडी पाहुण्यांले दाखवाची आहे का चालवाची आहे?" ते हसले. मी हसले नाही. संध्याकाळी त्यांनी रेड ऑक्साइडचा डबा उघडला आणि ब्रश उचलला.

रविवारी अंगण स्वच्छ होतं, गाडी उभी होती, सोयरीक जमली. महिन्याभरात जाम गावाजवळ ती चौकट तुटली, पुढचं चाक आत मुडपलं आणि गाडी झाडावर गेली. आबा जन्मभर लंगडले. विचारणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "खड्डा होता." तुम्हालाही तेच सांगितलं.

खड्डा नव्हता. रस्ता नवा, गुळगुळीत होता. ते सांगत तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची, आणि पाहुण्यांना चहा पुढे करायची.