डाव्या चाकाचा आवाज

यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर आमची जुनी पिकअप मी चालवायला लागले. गावातला भाजीपाला घाटंजीच्या बाजाराला न्यायचा, येताना गुरांसाठी सरकीची ढेप नाही तर खताची पोती आणायची, हा त्यांचा धंदा. झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं जड झालं. शब्द ओठांवर येईपर्यंत समोरचा माणूसच वाक्य पुरं करून टाकायचा. त्यांना ते लागायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडून दिलं.

त्या दिवाळीनंतर गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं की खालून ठक्क आवाज यायला लागला. स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. टायर आतल्या कडेने झिजून गुळगुळीत झाला होता. कापसाचे दिवस, मिस्त्रीकडे गाड्यांची रांग. आठवडाभर तरी हात लागणार नाही, असं त्याने सांगितलं. घरी येऊन मी हे बोलले, तर यजमान खुर्चीवरून उठले आणि डाव्या हाताने जॅककडे बोट दाखवलं.

मागच्या चाकांना दगड लावून मी पुढची बाजू उचलली. त्यांनी चाक वर-खाली हलवायला खुणावलं. मी हलवत होते आणि ते आत हात घालून चाचपत होते. चाक ज्यावर वळतं तो वरचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. चाकाला वरून धरून ठेवणारा आर्म ज्या रबरी बुशांवर हलतो, ते बुशही फाटले होते.

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून नवीन सामान आणलं. धाकटी जाऊ मदतीला आली. जुना बॉल जॉइंट गंजून असा बसला होता की आम्ही दोघी आळीपाळीने हातोडा मारून दमलो. यजमानांनी खडूने एक खूण केली. तिथे मारल्यावर तो निसटला. जाऊ मागे पडता पडता वाचली आणि आम्ही तिघंही हसलो. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहत होते. आर्म लेथवाल्याकडे नेऊन त्यात नवे बुश दाबून आणले आणि परत जागेवर चढवला.

बुशांचे बोल्ट कसायला मी पाना लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. जाऊ म्हणणार होती, "ढिला ठेवायचा का?" मी तिला हातानेच थांबवलं. आम्ही दोघी थांबून राहिलो.

"आत्ता नोको कसू," ते म्हणाले. दम घेतला. "गाडी खाली येऊ दे. वजन पडू दे तिच्यावर. मंग कस. नाही तं रबर पिळते."

झटका आल्यापासून एवढं लांब ते एका वेळी बोलले नव्हते. जाऊने पदर डोळ्याला लावला. मला रडू आलं नाही. मी चाक चढवलं, गाडी खाली घेतली, खाली सरकून बोल्ट कसले आणि विचारलं, "आता?"

"आता ग्रीस."

मग चाकांची अलाइनमेंट करायला आम्ही यवतमाळला गेलो. वाटेतल्या खड्ड्यांत गाडी गपगुमान उतरत-चढत होती. दुकानात पोऱ्याने मला विचारलं, काय काय बदललं म्हणून. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला झाले. माठाजवळ उभी राहून ऐकत होते. यजमान थांबत थांबत, कुठे अडखळत त्याला सगळं सांगत होते आणि पोऱ्या हातातलं काम ठेवून ऐकत होता.

आता गावात कोणाची गाडी कुरकुरली की लोक अंगणात आणून उभी करतात. ते आत हात घालतात, दोन शब्द बोलतात, कधी चार. पुढच्या महिन्यात उजव्या हाताने पाना धरून बघायचा त्यांचा विचार आहे.