कोरी बाटली

मावशींच्या अंगणात बारा महिने बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग असे, आणि त्या घराला दारूचा थेंब कधी शिवला नव्हता. नव्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी ढिगाकडे बघे, मग मावशींकडे, आणि मग काहीतरी निमित्त काढून लवकर उठे. मावशी त्याला समजावायच्या भानगडीत पडत नसत. "ज्याला पटायचं त्याला पटंल. मी काय दारोदार सांगत फिरू?" असं म्हणून त्या पुन्हा हातातली बाटली घासायला लागत.

लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात मला नोकरी लागली तेव्हा राहायला जागा शोधत मी त्यांच्या दारात गेले होते. एकटी मुलगी, सांगोल्याकडची, ओळख ना पाळख. दोन घरांनी मला आडनाव विचारलं आणि खोली आधीच दिली आहे म्हणून सांगितलं. मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "सकाळी उशिरापत्तुर लोळत तर न्हाईस ना?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, पण खोली मिळाली. सामान लावताना बुद्धाची छोटी मूर्ती कुठे ठेवावी म्हणून मी घुटमळत होते, तर त्या म्हणाल्या, "खिडकीपाशी ठेव की. उजेड बरा पडंल तोंडावर." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

तरुणपणी मावशी एका बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंकडून त्या आल्याचं फसफसतं पेय करायला शिकल्या. आलं, गूळ, लिंबू आणि पाणी. त्यात आधीच्या खेपेचं थोडं राखून ठेवलेलं पाणी घालायचं. मावशी त्याला विरजणच म्हणत. दोन-तीन दिवसांत त्याला जोर चढे, बाटलीचं बूच काढलं की फस्स करून आवाज येई आणि पहिला घोट थेट नाकात जाई. गल्लीत कुणाचं पोट दुखो, लग्नाचं जेवण जड होवो, परीक्षेत कुणी नापास होवो, मावशींकडे औषध एकच. साध्या बाटलीत हे भरलं की बाटली फुटते. एकदा सरबताच्या बाटल्या माळ्यावर फुटल्या तेव्हा शेजारचे भाऊ सिलिंडर फुटला म्हणून अनवाणी रस्त्यावर आले होते. बिअरची बाटली मात्र जाड काचेची, कितीही जोर धरला तरी ढिम्म. म्हणून हा ढीग.

विहारातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की आंबवलेलं म्हणजे शेवटी तेच ना गं? मी तो प्रश्न जसाच्या तसा मावशींपुढे टाकला. मावशी म्हणाल्या, "इडलीचं पीठ फुगतं. मग काय इडली खाऊन लोक गटारात पडत्यात व्हय?" हे उत्तर मी विहारात नेलं. पुढच्या वेळी त्या बाईंनीच बाटली मागून नेली.

सोमवारी सकाळी मावशी पोतं घेऊन भुशी धरणाच्या रस्त्याला जात. शनिवार-रविवारी तिथे काय काय चालतं ते लोणावळेकरांना सांगायला नको. कठड्यावर, झुडपात, ओढ्याच्या कडेला बाटल्याच बाटल्या. फुटलेल्या काचा त्या आधी वेचून एका डब्यात टाकत, कारण त्यांच्या म्हशीच्या खुरात एकदा काच गेली होती आणि ती म्हैस पुढे कधी नीट चालली नाही. धड बाटल्या पोत्यात. "रयवारचं पाप सोमवारी धुवायचं," असं म्हणत त्या परत येत. पाप लोकांचं, पोतं ह्यांच्या डोक्यावर. मी चिडायचे. त्या चिडत नसत.

धुणं ही खरी कला नव्हती. खरी कला लेबल काढण्यात होती. बंबातलं कडकडीत पाणी टपात ओतून बाटल्या बुडवून ठेवल्या की साधी कागदी लेबलं आपणहून सुटून वर तरंगत. मावशी त्यांना "शानी" म्हणत. पण ती चकचकीत, प्लॅस्टिकसारखी लेबलं! ती ओरबाडून काढली तरी खाली चिकट थर तसाच. त्याला मावशींचा शब्द "चीक". फणस कापताना हाताला लागतो तोच. आणि फणसाच्या चिकाला जे औषध तेच ह्याला: तेल. गोडेतेलात खायचा सोडा कालवून तो थापायचा, जरा वेळ बाटलीला उन्हात बसू द्यायचं, मग बंबातली राख घेऊन घासायचं. शेवटी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, कारण तेलाचा अंश राहिला की फसफस बसते. मी एकदा शहाणपणा करून नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं. चीक चटकन निघाला, पण मावशींनी बाटली हुंगली आणि लांब धरली. "ह्यातलं कुनी प्यालं तर आतडी रंगतील." त्यानंतर मी केस वाळवायचं यंत्र आणलं. गरम वाऱ्याने ती हट्टी लेबलं सालीसारखी सुटायला लागली तेव्हा मात्र मावशींनी ते यंत्र माझ्याकडून काढून घेतलं ते कायमचं. मी पुढे ओल्या केसांनीच कामावर गेले.

बाटली धुऊन झाली की मावशी तिच्यावरून मनगटाची आतली बाजू फिरवत. कुठे अडखळलं की परत टपात. अडखळलं नाही तर म्हणत, "कोरी." तेवढा एकच शब्द. आणि नियम असा की कोरी झाल्याशिवाय बाटली उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. पाऊस असो, अंधार पडो. "दुसऱ्याचं नाव लावून माझ्या घरात कुनी यायचं न्हाई," त्या म्हणत. मानेवरच्या चांदीच्या कागदाचा नखाएवढा तुकडा राहिला तरी ती बाटली बाहेर ओसरीवर झोपे.

मावशी आता नाशिकला लेकाकडे असतात. गुडघे गेले. जाताना त्यांना स्टेशनवर पोचवायला मी गेले होते. रडारड काही झाली नाही, गाडी हलेपर्यंत त्या मला विरजण कसं सांभाळायचं तेच सांगत होत्या. मला वाईट वाटायचं ते गाडी गेल्यावर वाटलं, आणि खूप वाटलं. माझ्या स्वयंपाकघरात आज एकाही बरणीवर लेबल नाही. नवरा धनेपूड समजून आमचूर घालतो आणि मावशींच्या नावाने ओरडतो. ओरडू दे. त्या नसत्या तर त्याचं माझ्याशी लग्नही झालं नसतं.

त्या दिवसाचं सांगते.

निखिल वराळ्याचा. आमचं जमलं होतं, माझ्या घरचे राजी होते, प्रश्न फक्त त्याच्या आईंचा होता. कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेल्या, करारी बाई. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. पंचशीलातलं पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, इतर घरांत नुसतं म्हणतात. त्यांच्या घरात ते पाळत. निखिलला त्यांनी स्पष्ट बजावलं होतं की ज्या घरात बाटली दिसेल त्या घराशी सोयरीक नाही. आता मुलगी राहते कुठे, कशी, हे बघायला त्या येणार होत्या. निखिलने त्यांना मावशींविषयी सगळं सांगितलं होतं, बाटल्या सोडून. "प्रत्यक्ष भेटल्यावर सांगू," म्हणाला. पुरुषांचं धाडस हे असं असतं.

ते दुपारी चारनंतर यायचे होते. तोवर अंगण आवरायचं, ढीग मागे ताडपत्रीखाली घालायचा, मी साडी नेसायची, असं ठरलं होतं. पण दुपारी पुणे-लोणावळा लोकलना मोठी सुट्टी असते, हे निखिलच्या आईंना माहीत होतं आणि त्यांच्या मुलाला ऐनवेळी कळलं. मधेच ताटकळण्यापेक्षा सकाळचीच गाडी धरू म्हणून घराजवळच्या घोरावाडी स्टेशनवर त्या सकाळीच गाडीत बसल्या. निखिल मला फोन करत होता. फोन आत होता. माझे हात कोपरापर्यंत तेलात होते.

फाटक वाजलं तेव्हा टपात लेबलं तरंगत होती, भिंतीला तपकिरी बाटल्यांची रांग होती, आणि माझ्या उजव्या हातावर एक अख्खं लाल-सोनेरी लेबल चिकटलेलं होतं. फाटकात निखिलच्या आई. मागे निखिल, हातात चिक्कीचा खोका. लोणावळ्याच्या घरी तो लोणावळ्याच्या बाजारातून चिक्की घेऊन आला होता, यावरून त्याच्या डोक्याची अवस्था ओळखा.

"हे काय आहे?" आईंनी विचारलं.

 मनात एकच आलं, संपलं सगळं.

मावशी पाटावरून उठल्याही नाहीत. "या. लवकर आलात जनू. बाटल्या हायत."

"ते दिसतंय. कुणाच्या?"

"पिनारे पिऊन गेले, आमी धुतो. आल्याचं पानी भरतो त्यात."

"दुसऱ्या बाटल्या मिळत नाहीत?"

"मिळत्यात. फुटत्यात." मावशींनी हातातली बाटली पालथी करून पाणी निथळवलं. "ही टिकती. बाटलीचा काय दोष हाय, बाई? वंगाळ होतं ते आत होतं. ते गेलं पिनाऱ्यासंगं."

मावशींना त्या भावाचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. निखिलने डोळे मिटून घेतले. मीही मिटणार होते, पण आई पुढे आल्या म्हणून उघडेच ठेवले. त्यांनी रांगेतली एक बाटली उचलली, लेबल वाचलं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"माझा भाऊ हीच घ्यायचा," त्या म्हणाल्या.

 मग त्यांनी पदर खोचला, मावशींच्या समोरच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "तेल कुठंय?"

मावशींनी वाटी सरकवली. "मधनं नगा खरवडू. कडंनं घ्या."

आईंनी कडेने घेतलं. नखांनी लेबल सोलून काढलं, तेल थापलं, राख घेतली आणि घासायला लागल्या. मी आयुष्यात कुणाला भांडं तसं घासताना पाहिलेलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, बांगड्या वाजतायत, कपाळावर घाम. त्या बाटलीवर त्यांचा किती वर्षांचा राग होता कोण जाणे. निखिल चिक्की घेऊन फाटकातच उभा. शेवटी त्यांनी बाटली गरम पाण्यातून काढली, उन्हात धरून पाहिली आणि मावशींकडे दिली.

मावशींनी मनगट फिरवलं. माझा जीव टांगणीला. "हितं जरा राह्यलंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता ह्या बाई उठून चालायला लागणार. मावशी, एक दिवस, एकच दिवस चालवून घ्यायचं होतं! पण आईंनी निमूटपणे बाटली परत घेतली, राहिलेला चीक घासला आणि पुन्हा पुढे केली.

मावशींनी परत मनगट फिरवलं. "कोरी."

आईंनी ती बाटली दोन्ही हातांत धरली. "आता ही कुणाची नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"आता आल्याची," मावशी म्हणाल्या, आणि आतून भरलेली एक बाटली आणायला उठल्या.

बूच निघालं, फस्स झालं, आईंनी पेल्यातून मोठा घोट घेतला आणि तो व्हायचा तसा नाकात गेला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "फार तिखट आहे," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी आल्यालाच दोष दिला. आल्याचाही असेल थोडा.

पेला खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. नजर माझ्या हातावर थांबली.

"ते आधी काढ," त्या लेबलाकडे बोट करत म्हणाल्या. "आमच्या घरी येताना नाव घ्यायचं ते माझ्या पोराचं. हे नाही."

मला ते कळायला क्षणभर वेळ लागला. निखिलला आधी कळलं, कारण चिक्कीचा खोका त्याच्या हातून खाली पडला. मी हात धुऊन येते असं काहीतरी पुटपुटत घरामागच्या नळावर गेले आणि नळ न सोडताच ढसाढसा रडायला लागले. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि आता उभं कसं राहायचं तेच मला कळत नव्हतं.

मागोमाग मावशी आल्या. पाठीवरून हात फिरवतील असं मला वाटलं. त्यांनी माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"रड, पोरी, रड," त्या म्हणाल्या. "पन डोळ्याला हात लावू नको. सोडा हाय."