तेवीस नंबरची खाट

मॅट्रिकला गणितात मला बरे गुण होते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढची हकीकत वाचून कुणालाही वाटेल की या गृहस्थाला तीसपर्यंत मोजता येत नव्हतं. येत होतं. काय मोजायचं तेवढं कळलं नाही.

नवापूरच्या डोंगरांकडच्या एका लहान दवाखान्यात मी कारकून होतो, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. तो दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी सहा मुलींचा नर्सिंगचा वर्ग चालवला होता. मलमपट्टी, बाळंतपण, लुळ्या पडलेल्या पायाला मालिश, सगळं त्या स्वतः शिकवत. पण मुंबईच्या मंडळाने वर्गाला मान्यता दिल्याशिवाय मुलींना परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि परीक्षेशिवाय त्यांना कुणी नर्स म्हणणार नव्हतं.

त्या सहांत एक माझी मेहुणी. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तिचा नवरा गेला. माझ्या बायकोने माहेरी भावाशी भांडून तिला या वर्गात घातलं. भाऊ म्हणाला होता, "तीन वर्षं थांबतो. कागद हातात घेऊन आली तर तिचं ती पाहील. नाहीतर येऊन माझी चूल सांभाळेल." ती तीन वर्षं येत्या उन्हाळ्यात भरणार होती.

भाद्रपदात मंडळाचा फॉर्म आला. इंग्रजीत. त्यात एक रकाना होता: बेड किती? आता बेड म्हणजे खाट, इतकं इंग्रजी मला येत होतं. तेवढंच येत होतं, हा घोटाळा.

आमच्याकडे डोंगरातला आजारी माणूस आपल्या पायांनी येत नसे, आपल्या खाटेवर येई. बांबूला बांधलेली खाट चौघं खांद्यावर घेऊन येत आणि व्हरांड्यात ठेवत. आतल्या लोखंडी खाटांवर झोपायला ही मंडळी तयार नसत. लोखंड अंगाला गार लागतं, आणि त्याच्यावर आधी कोण मेलं असेल कुणी सांगावं! तेव्हा रोगी व्हरांड्यात, आपल्याच खाटेवर. बरा झाला की पुढे तो चालत जाई आणि मागून त्याची खाट मुलाच्या डोक्यावर.

ते तापाचे दिवस होते. आत खाटा, व्हरांड्यात खाटा, अंगणातल्या महूच्या झाडाखाली खाटा. एकच खाट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मी शक्कल लढवली. दारांना लावून उरलेलं डांबर घेतलं आणि प्रत्येक खाटेच्या पायावर ठळक आकडा घातला. एक ते तीस. खडू वापरला असता तर निदान पुसला तरी असता.

फॉर्मवर तीस लिहिलं. मोठ्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली, त्यांची चूक एवढीच. "पंचवीसपेक्षा कमी बेड असल्यास मान्यता मिळणार नाही" ही बारीक अक्षरांतली ओळ मी अर्ज टपालात पडल्यावर नकलेत वाचली. वाचून खूशच झालो. आपले पाच जास्त आहेत म्हणून.

तपासनीस बाई आल्या पौषात. मी दमणी, म्हणजे आमची छोटी बैलगाडी, घेऊन त्यांना स्टेशनवर आणायला गेलो. उतरल्या उतरल्या त्यांनी घड्याळ बघितलं. पौषात आमचा दवाखाना रिकामा असतो. थंडीत ताप कमी, आणि लोक मजुरीला गुजरातेत गेलेले.

बाईंनी वर्ग बघितला, पुस्तकं बघितली, मग खाटा मोजल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "अठराच आहेत. कागदावर तीस आहेत. बाकीच्या बारा कुठे?"

"गेल्या," मी म्हणालो.

"कुठे गेल्या?"

"घरी."

"खाटा घरी गेल्या?"

"रोग्याबरोबर, बाई. त्यांच्याच होत्या."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही घरी जावं असं मला फार वाटलं. मेहुणी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला, पण जीभ तशीच. हळूच म्हणाली, "दाजी, खाटा मोज्यात का पाव्हना मोज्यात?"

तपासनीस बाईंनी कागदपत्रं पिशवीत भरली. दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या. बायकोला हे आता कसं सांगायचं, याचा विचार करत मी दमणीवाल्याला हाक मारायला बाहेर आलो, तर फाटकातून चौघं जण एक खाट घेऊन आत येत होते. वर बाळंतीण. कळा पहाटेपासून सुरू होत्या. पुढे एक म्हातारा, तो तिचा सासरा.

खाट व्हरांड्यात टेकली. तपासनीस बाई पायऱ्या उतरता उतरता थांबल्या आणि वाकून खाटेच्या पायाकडे बघू लागल्या. डांबराचा ठळक आकडा. तेवीस. माझंच अक्षर.

"ही तुमची?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"नई बाई, आमना गावना दुसरा घरनी," तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला. "पन नंबरनी शे. हाई खाट लई उनूत ते कोन्ही परत धाडत नई."

तेव्हा उलगडा झाला. भाद्रपदात ही खाट ज्याची होती, तो बरा होऊन गावी गेला. गावाने पायावरचा आकडा बघितला आणि ठरवलं की दवाखान्याने या खाटेला पसंत केलंय, तिच्यावर येईल त्याला कुणी परत पाठवणार नाही. तेव्हापासून जो आजारी पडेल तो ती मागून नेई. एरवी ही सून झोपडीतच अडली असती, पण नंबरची खाट रिकामी होती म्हणून निघाले. मुंबईने आम्हाला मान्यता दिली नव्हती, आणि मी मात्र ती डोंगरात वाटत सुटलो होतो!

मोठ्या बाईंनी मेहुणीला पुढे केलं. तिने बाळंतिणीला आत न्यायचा आग्रह धरला नाही. आधी खाटेची सैल पडलेली दोरी पायथ्याकडून ओढून ताठ केली, कमरेखाली फळी सरकवली, वर मेणकापड घातलं, चारी पायांखाली विटा दिल्या. मग हात धुऊन कामाला लागली.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही, बाई," मेहुणी शाळेतल्या मराठीत, मान वर न करता म्हणाली. "पुस्तकात लोखंडी खाट आहे. चांगली आहे. पण ही तिच्यावर चढणार नाही, आणि मी हिला सोडून खाटेला काय करू?"

बाईंची गाडी चुकली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसल्या. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. मेहुणीने नाडी, वेळ, वजन एकेक करून पाटीवर लिहिलं आणि बाईंनी ते शब्द न् शब्द तपासलं.

निघताना त्यांनी फॉर्म काढला, माझं 'तीस' खोडलं, 'अठरा' लिहिलं आणि शेजारी माझी सही घेतली. "मोजणी चुकली ती चुकलीच," म्हणाल्या. आणि दमणीत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि माझी खाट तिने बाहेर ओट्यावर काढली. भाकरी ताटात पडे, पण आवाज करून. निरोप मेहुणीच्या तोंडून येत: "ताई म्हने, पानी भरीसन ठेवा." मीही निमूट भरी. भावाचं पत्र येऊन पडलं होतं, बहिणीला कधी न्यायला येऊ म्हणून. त्याला कुणी उत्तर लिहीत नव्हतं.

महिन्याने मंडळाचं पत्र आलं. मान्यता एकाच वर्षापुरती. तेवढ्यात सात खाटा वाढवायच्या, दवाखान्याच्या स्वतःच्या. मात्र सहाही मुलींना या वर्षी परीक्षेला बसायची परवानगी होती. व्हरांड्यातल्या शुश्रूषेबद्दल खाली दोन ओळी होत्या. त्या मोठ्या बाईंनी दोनदा वाचून दाखवल्या.

मी पत्राची नक्कल घेऊन धावतच घरी आलो. मेहुणीने ती वाचली आणि अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली. मी ओट्यावरच्या खाटेवर टेकलो आणि वाट बघत राहिलो. बायकोने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पदराला हात पुसले, बाहेर आली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"डांबर उरनं व्हई ते आपली खाटवर बी नंबर टाकी द्या," ती म्हणाली. "तुमले घरमा परत लेवाले मालेबी काही खूण ते पायजे."