गोदाबाईंचं बोट

गोदाबाईंनी पहिल्याच दिवशी मला पाठमोरी उभी केली आणि म्हणाल्या, "डोळे मीट." मी अंग चोरलं. आता छडी बसणार, असंच वाटलं. आधीच्या मास्तरांनी मला दोन वर्षं पहिलीतच ठेवलं होतं आणि चपलांजवळ बसवलं होतं. पण पाठीवर छडी आली नाही, एक बोट आलं. ते हळूहळू वरून खाली फिरलं, वळलं, थांबलं.

"काय काढलं?"

"घ," मी म्हणाले. पाटीवर मला कधीच न ओळखू आलेलं अक्षर.

"बघ! डोळा लबाड असतो पोरी, बोट इमानी असतं."

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, बाजाराचं, म्हणून तिथं मुलींची एक लहानशी शाळा होती. बाई विधवा होत्या. पांढरं लुगडं नेसायच्या आणि आवाज खणखणीत. लग्नात भेटलेल्या पाहुण्याचं तोंड दुसऱ्या दिवशी आठवू नये, तशी माझी अक्षरांशी ओळख असायची. काल कळलेला ध आज घ वाटायचा. बाईंनी त्यावर मला कधी मठ्ठ म्हटलं नाही. चुलीची चाळलेली राख सुपात पसरून त्या माझ्यापुढे ठेवायच्या आणि माझं बोट धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. मग तेच अक्षर तळहातावर, मग पुस्तकात. बाकीच्या मुली धडा संपवून गजगे खेळायला पळायच्या आणि मी रडवेली व्हायचे. तेव्हा त्या म्हणायच्या, "घाई कशाला करून राह्यली? अक्षर काय कुठं पळून चाललंय?"

घरी मात्र घाई होती. माझ्या काकूने वाटूरहून तिच्या भाच्याचं स्थळ आणलं होतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून बाईंना सरळच म्हणाले, "बाई, दोन साल गेले. आता तपासणीत पास झाली तर साळा. न्हाई तर वाटूर."

"पास होईल," बाई म्हणाल्या.

"शेणाच्या गोळ्याला पालवी फुटंल का?" काकू आतून म्हणाली.

"शेणावरच तर गहू जोमानं येतो, वैनी," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. पण जाताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर जरा जास्तच दाबला गेला. त्याही घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

तपासणीच्या दिवशी शाळा सारवली, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. शेरवानी घातलेले सरकारी तपासनीस साहेब आले. शाळेच्या ओसरीवर मोठी माणसं बसली, त्यांत आप्पा आणि काकू. माझं नाव आलं. मी उभी राहिले, एका हातात पुस्तक, दुसरा हात परकराच्या घडीत. घडीआड त्याच हाताचं बोट तळहातावर फिरवत मी एकेक शब्द वाचू लागले.

"ऐ लडकी," साहेब म्हणाले, "हाथ में क्या छुपाया?"

"चोरी करून राह्यली, चोरी!" काकू ओसरीवरून म्हणाली.

मी हात उघडला. हात रिकामा होता, नुसता घासून लाल झालेला. बाई पुढे झाल्या. "साहेब, तिचं बोट चालल्याशिवाय अक्षर तिला..."

"आप चुप रहिये, बाई." साहेबांनी पुस्तक मेजावर ठेवायला लावलं. "दोनों हाथ सर पर. अब पढो."

दोन्ही हात डोक्यावर ठेवून मी पानाकडे पाहिलं. पान अनोळखी झालं होतं. ओसरीवर आप्पांनी घसा खाकरला. उठायच्या आधी ते तसं खाकरायचे. वाटूर आता उंबऱ्याशी आलं होतं.

मग काय झालं ते मला सांगता येत नाही. मी ठरवलं नव्हतं. माझ्या उजव्या पायाचा अंगठा सारवणावर फिरू लागला. वरून खाली, वळण, काना. शब्द सुटला. मग दुसरा.

बाईंची नजर खाली गेली. साहेबांनी वाकून पाहिलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. बाई शांतपणे माझ्याजवळ आल्या, मेजावरचं पान सरळ केल्यासारखं केलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या लुगड्याचा घोळ माझ्या पायावर पडला. त्याखाली माझा अंगठा चालत राहिला आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "धीमी है. मगर बराबर है."

आप्पा ओसरीवरून उठले. "वाटूरला निरोप धाड," ते काकूला म्हणाले. "पोरगी साळंत हाय म्हणावं."

मी चौथी झाले. गावातली शाळा तिथंच संपायची. पुढे लुटालूट-जाळपोळीच्या धामधुमीत कितीतरी माणसं गाव सोडून हद्दीपलीकडे, नगरकडे गेली. त्यांत बाईही भावाकडे गेल्या. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझी पाठ वळवली आणि बोटाने माझं नाव लिहिलं. संपूर्ण, काना-मात्रांसह. त्यांची भेट पुन्हा झाली नाही.

आता दुपारी सगळे निजले की मी हे लिहायला बसते. लिहिताना अंगठा आपोआप जमिनीवर फिरतो. परवा सुनेने पाहिलं. "आत्याबाई, पायाला मुंग्या आल्या का?"

मी लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला आणि म्हणाले, "हो गं, आल्या."